दुःखात देवाचा दिलासा : नागपुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका या भागांतल्या दुःखी घरांना भेटी देणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. मयतीच्या घरी, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डाबाहेर, कधी उपासना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी लोक थांबवतात आणि विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये माझे मिस्टर गेले आणि यातले बहुतेक प्रश्न मी स्वतःच आधी विचारले होते. उत्तरं त्या अनुभवातून आणि बायबलातून आली आहेत.

देवाचं सांत्वन म्हणजे नक्की काय? त्याने दुःख कमी होतं का?

माझं कमी झालं नाही, पहिलं वर्षभर तर नाहीच. त्यामुळे ‘प्रभूकडे या, सगळं दुःख निघून जाईल’ असं मी कुणालाच सांगत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात, 14व्या अध्यायात, येशू शिष्यांचा निरोप घेतो आहे. आपण गेल्यावर ही माणसं पोरकी होतील हे त्याला दिसतं, म्हणून तो पवित्र आत्म्याचं वचन देतो. मूळ ग्रीक शब्द आहे पॅराक्लेटॉस, म्हणजे हाक मारल्यावर शेजारी येऊन उभा राहणारा. जुन्या इंग्रजी बायबलात त्याचं भाषांतर ‘सांत्वन करणारा’ अशा अर्थाचं आहे. आपल्या मराठी बायबलात मात्र तिथे ‘कैवारी’ हा शब्द आहे. लहानपणापासून मी तो वाचत आले आणि दर वेळी पुढे सरकले. मिस्टर गेल्यानंतर एकदा त्याच्यावर अडखळले.

कैवारी म्हणजे आपला कैवार घेणारा. गल्लीत कुणी मारलं की आपण रडत घरी यायचो आणि थोरला भाऊ आपल्याला घेऊन परत गल्लीत जायचा. गुडघा फुटलेलाच असायचा, दुखतही असायचा, पण परत त्या गल्लीतून जायची भीती उरायची नाही. मला देवाचा दिलासा मिळाला तो असा. रात्री तीनला जाग यायची, पलंगाची दुसरी बाजू रिकामी असायची, आणि त्या अंधारात कुणीतरी माझ्या बाजूचं आहे एवढं कळायचं. तेवढ्यावर सकाळ व्हायची.

रडणं म्हणजे विश्वास कमी असणं का? लोक म्हणतात, विश्वासाची साक्ष देणाऱ्या माणसाने असं खचू नये.

आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरीही लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो रडला. तुम्हीही रडा.

मी रोज प्रार्थना करते, पण आतून रिकामंच वाटतं. देव ऐकत नाही का?

हा प्रश्न बायका जास्त विचारतात, तोही खालच्या आवाजात. विचारणंच पाप आहे असं त्यांना वाटत असतं.

बायबलात 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. 88वं वळत नाही. ते लिहिणारा रात्रंदिवस हाका मारतो, देवा, तू तोंड का लपवतोस असं विचारतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली त्यांना ते वगळता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं. आपल्याआधी कुणीतरी हे रिकामपण भोगलं आणि त्याचं रडगाणंही देवाच्या पुस्तकात प्रार्थना म्हणूनच मोजलं गेलं, याचा मला फार आधार वाटला.

खुद्द येशू वधस्तंभावर 22वं स्तोत्रच बोलला : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्याला देवाने सोडून दिल्यासारखं वाटतं, तो त्या क्षणी येशूच्या अगदी जवळ उभा असतो. हे वाक्य मी सांत्वनासाठी घडवलेलं नाही. ते मला खरं वाटतं म्हणून लिहिते आहे.

एक व्यवहारातली गोष्ट. रिकामं वाटत असताना प्रार्थना लांबवू नका. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि कामाला लागा. वाटणं आपल्या हातात नसतं, वाचणं असतं.

मला देवाचा राग येतो. हे चालतं का?

बायबलातल्या ईयोबाला आला होता, मुलंबाळं आणि मालमत्ता गमावलेला माणूस तो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन अध्यायच्या अध्याय बोलले, तो मात्र देवाशी भांडला. शेवटी देवाने निकाल काय दिला? ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं त्याने मित्रांना सुनावलं. तुमचा राग दुसरीकडे कुठे नेऊ नका, थेट देवापुढे न्या. घरातल्या लेकरांवर तर मुळीच काढू नका.

हे माझ्या पापाचं फळ आहे का? घरात कुणी करणी म्हणतं, कुणी शाप म्हणतं.

नाही. येशूसमोर हा प्रश्न दोनदा तरी आला होता. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, दोघांनीही नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हा, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं समजू नका, हेही त्याने स्पष्ट सांगितलं.

पण या प्रश्नाच्या आत पुष्कळदा दुसराच प्रश्न दडलेला असतो. ‘मी दोन दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर?’ माझा तोच होता. त्या दिवसांत बेडसाठी जी धावपळ झाली ती आठवली की आजही तळवे ओले होतात. हे ओझं मनात ठेवून एकट्याने फिरू नये. कॅथलिक असाल तर फादरकडे कन्फेशनला जा, आमच्यासारखे प्रोटेस्टंट असाल तर पाळकांजवळ बसा आणि काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. खरंच चुकलं असेल तर क्षमा आहे. चुकलं नसेल तर ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं गरजेचं असतं. मी सगळं सांगितलं तेव्हा पाळकांनी एवढंच विचारलं, ‘त्या दिवशी तुम्हाला जे माहीत होतं त्याच्यावरून तुम्ही काय केलं?’ मला उत्तर देता आलं, आणि बऱ्याच महिन्यांनी मी दुपारी झोपले.

मग चांगल्या माणसालाच देव का नेतो?

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ते नाव कुणाचं हे फार थोडे सांगू शकतात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी 1845 साली नागपुरात आले. शाळा काढली, लोकांच्या भाषा शिकले, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या बाजूची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री एका भरलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. अठरा वर्षं ज्या मुलखात काम केलं, त्याच मुलखातल्या पाण्याने त्यांना नेलं. वीस वर्षांनी, 1883 मध्ये, त्यांच्या नावाने कॉलेज सुरू झालं.

मी हे अशासाठी सांगते की लोक लगेच गणित मांडतात : ते गेले म्हणून कॉलेज झालं, म्हणजे देवाची योजना होती. मला हे पटत नाही. त्यांच्या बायकोला त्या रात्री कॉलेजचं वचन दिलं असतं तर ती ते घेऊन काय करणार होती? देव राखेतून काही उगवतो यावर माझा विश्वास आहे. पण उगवलेलं झाड हे जळण्याचं कारण नसतं. ‘का’ याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते ठामपणे देणाऱ्या माणसापासून दुःखी घराने थोडं लांब राहावं असं मला वाटतं.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांचेच शब्द टोचतात. भेटायला जाताना काय बोलावं, काय बोलू नये?

यावर मी तासभर बोलू शकते.

‘देवाला चांगली फुलं आवडतात, म्हणून त्याने तोडलं.’ लेकरू गेलेल्या आईला हे सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती आई नंतर मला म्हणाली, ‘ताई, त्याच्याकडे एवढी मोठी बाग होती, माझ्या अंगणात एकच होतं.’ बायबलात असलं वाक्य कुठेच नाही. ‘प्रभूची इच्छा’ हे खुद्द शोक करणाऱ्याने म्हटलं तर ती त्याची प्रार्थना. आपण त्याला ऐकवलं तर ते त्याचं तोंड बंद करणं होतं. ‘अजून वय काय तुमचं’, ‘दुसरं मूल होईल’, ‘निदान त्रास तरी सुटला’, हेही नको. ‘काही लागलं तर सांगा’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण दुःखातल्या माणसाला काय लागतं हेच कळत नाही. त्यापेक्षा ‘मंगळवारी संध्याकाळचा डबा मी आणते’ असं सांगा आणि मंगळवारी आणा.

ईयोबाचे मित्र पुढे कितीही चुकले तरी त्यांनी सुरुवात उत्तम केली होती. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते उठून घरी गेले असते तर आज त्यांचं नाव सगळ्या मंडळ्यांनी आदराने घेतलं असतं.

आम्ही गटात हे पाळतो. जास्तीत जास्त तिघे जातो. चपला काढतो, बसतो, पाणी मागत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेतो, कारण महिन्याभरात बाकीचे सगळे ते नाव टाळायला लागतात आणि घरच्यांना ते फार लागतं. विचारून मग प्रार्थना करतो, तीही छोटी. आणि चाळीस दिवसांनी पुन्हा जातो. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, खरी गरज नंतर लागते.

माझ्या घरी त्या एप्रिलमध्ये कुणालाच येता येत नव्हतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण रोज सकाळी चहाचा थर्मास जिन्याच्या पायरीवर ठेवायची, दारावर दोन टकटक करायची आणि खाली जायची. चौदा दिवस. ती बौद्ध आहे, बायबल तिने उघडलेलंही नसेल. देवाने माझ्याकडे कुणाला पाठवलं असं मला विचारलं तर मी पहिलं तिचंच नाव घेईन.

नैराश्यासाठी गोळ्या चालू केल्या तर तो विश्वासाचा अभाव ठरतो का?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचा, 1 राजे, अध्याय 19. मोठा संदेष्टा, पण एका दिवशी रानात झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला आणि झोपी गेला. देवदूत आला. त्याने त्याला उपदेश केला नाही. त्याला हात लावून उठवलं आणि निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. एलीया पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, वाट तुला झेपणारी नाही म्हणाला. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी. आधी झोप, अन्न, पाणी. औषध याच रांगेतलं आहे.

शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपल्या सीताबर्डीचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल मिशनच्या लोकांनीच उभं केलं. ज्या विश्वासाने दवाखाने बांधले, त्याच विश्वासाच्या नावाने गोळ्या सोडायला सांगणं मला समजत नाही. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून मिळते. प्रार्थनाही करा, आणि फोनही करा.

आमच्या घरातल्या माणसाने स्वतःचा जीव घेतला. त्याचं काय झालं असेल?

विदर्भात हा प्रश्न किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. तुम्ही हे वाचत असाल तर आधी एवढं ऐका : तो नरकात गेला असं कुणी सांगितलं असेल, तर तसं सांगायचा अधिकार त्याला नव्हता. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. आमच्या मंडळीतही अशा माणसाचा अंत्यविधी इतरांसारखाच होतो, सगळ्या गीतांसकट. मृत्यू, जीवन, वर्तमान, भविष्य, यांतलं काहीच आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही असं पौल रोमकरांस पत्रात लिहितो. त्या यादीत त्याने ‘याला सोडून’ असं कुठे म्हटलेलं नाही.

बायबल कुठून वाचायला घ्यावं?

पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, नको. लोक जोशात सुरू करतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचून थांबतात. दुःखात असाल तर 23वं स्तोत्र घ्या. पाठ असेल तरी हळू वाचा. सुरुवातीला ‘तो’ आहे : तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. आणि मृत्युच्छायेची दरी आली की एकदम ‘तू’ होतं : ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ अंधारात शिरल्यावर देवाविषयीचं बोलणं देवाशी बोलणं होतं. त्यानंतर मार्काचं शुभवर्तमान वाचा, सोळाच अध्याय आहेत.

वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. आयुष्याची शेवटची वर्षं त्या मूळ भाषांमधून बायबलाचं मराठी भाषांतर करत होत्या आणि 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. शोकाचे शब्द मराठीत आणताना त्यांनी कोश किती उघडला असेल आणि आठवणी किती, असं मनात येतं.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत.

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. तेही जड जात असेल तर नुसतं ‘प्रभू, दया कर’ म्हणा. तेही नाही, तर उसासा टाका. आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः उसाशांनी आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात आहे. गाता येत असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आहेतच. टिळक काही काळ नागपुरात राहिलेले, आणि त्यांची भजनं आपल्या आजीच्या ओवीसारखी तोंडात बसतात. मी भांडी घासताना गुणगुणते.

चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, न्यावं का?

आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी येऊन तेल लावणं हे याकोबाच्या पत्रातच आहे आणि आम्हीही करतो. पण जिथे औषध थांबवायला सांगतात, बरं न झाल्यास ‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणतात, किंवा प्रार्थनेआधी पाकीट पुढे येतं, तिथून आजाऱ्याला घेऊन निघून या.

पाळकांना किंवा फादरना घरी बोलवायला काय करावं? पैसे द्यावे लागतात का?

चर्चच्या ऑफिसात नाव, पत्ता, वेळ सांगा. पैसे लागत नाहीत.

कोणत्या चर्चमध्ये जावं? कॅथलिक आणि बाकीच्यांत दिलाशाच्या बाबतीत फरक आहे का?

आहे, थोडा. कॅथलिक मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, अर्पण करतात, 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. प्रोटेस्टंट मृताला देवाच्या हाती सोपवून मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. दोन्हीकडे पुनरुत्थानाची आशा एकच. आपल्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा भिंतींचं फार मनावर घेऊ नका. सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल दोन्ही आहेत. जिथे मागच्या बाकावर बसून तुम्हाला मोकळं रडता येईल तिथे जा.

आम्ही ख्रिस्ती नाही. नुसतं येऊन बसलं तर चालेल? धर्म बदलायला सांगतील का?

चालेल. दीक्षाभूमीच्या शहरात धर्म हा किती विचारपूर्वक घ्यायचा निर्णय असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि दुःखात असलेल्याकडून असा निर्णय कुणी घाईने करून घेऊ नये. प्रभुभोजन किंवा कम्युनियन, म्हणजे उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, त्या वेळी बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या’ असं येशू म्हणाला. तिथे ‘सर्व’ आहे.

पहिला नाताळ कसा काढायचा?

हा प्रश्न नोव्हेंबरात सुरू होतो, संत्र्यांच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या की. माझ्याकडे पद्धत नाही, मी काय केलं ते सांगते. त्या वर्षी घराला चांदणी लावली नाही. करंज्या केल्या, पण निम्म्या. मध्यरात्रीच्या उपासनेला मला जमणार नव्हतं, म्हणून सकाळी गेले, उशिरा, आणि शेवटच्या गीताआधी निघाले. दारातून कुणी ‘मेरी ख्रिसमस’ म्हणू नये असं वाटत होतं. एक म्हातारे गृहस्थ तिथे उभे होते. त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते काही बोलले नाहीत, माझ्या हातात एक संत्रं ठेवलं. मिस्टर दर नाताळला दारात उभे राहून पोरांना संत्री वाटायचे, ते त्यांच्या लक्षात होतं.

आता दर 25 डिसेंबरला पिशवी घेऊन मी त्या दारात उभी असते. पहिल्या वर्षातलं कुणी बाहेर पडताना दिसलं की ओळखू येतं. ते गीत संपायच्या आधी निघतात.